यिर्मयाचे ‘पाचारण’ म्हणावे की ‘नेमणूक’?

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या पहिल्या अध्यायावर मनन लिहायचे आहे. शीर्षकात ‘पाचारण’ लिहावे, की ‘निवड’, ‘नेमणूक’, ‘आवाहन’ यांपैकी काही? ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’ असे बातम्यांत वाचणाऱ्याला हा शब्द परका वाटेल का? आणि यिर्मयाने बदामाची काठी दिसली म्हणताच देव ‘मी जागा आहे’ असे उत्तर का देतो?

‘पाचारण’च लिहावे. बातमीतला अर्थ इथे आड येत नाही, उपयोगीच पडतो. आमंत्रण नाकारता येते. आवाहन सगळ्यांना असते, ज्याला वाटेल तो पुढे येतो. निवडीत अनेक उमेदवार गृहीत असतात आणि नेमणुकीत पद. पाचारण मात्र ठरावीक कोणाला तरी, ठरावीक कामासाठी असते आणि ते काम बोलावणाऱ्याचे असते. आगीच्या जागी बंब बोलावतात तो बंबाच्या गौरवासाठी नव्हे. व्याकरणही हेच सांगते: ‘देवाने त्याला पाचारण केले’, ‘त्याला पाचारण झाले’. बोलावलेला माणूस ‘ला’ प्रत्ययातच राहतो, कर्ता होत नाही. म्हणून ‘मी पाचारण घेतले’ ही रचना चुकीची वाटते. ‘पाचारण आले’ही टाळावे, त्याला पत्रिका आल्याचा वास येतो. ‘आवाहन’ लिहायचेच झाले तर ते ‘आव्हान’ होणार नाही याची काळजी घ्यावी. छापील मननांतही ही चूक सर्रास दिसते.

मराठी ख्रिस्ती लेखनात हा शब्द रुळला तो मुख्यतः नव्या करारामुळे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी जे ‘पाचारण’ आहे, त्यामागे ग्रीक ‘क्लेसिस’ आहे. जुन्या कराराच्या हिब्रूत ‘बोलावणे’ म्हणजे ‘कारा’. जळत्या झुडपातून देव मोशेला हाक मारतो तिथे हे क्रियापद आहे, आणि रात्री शमुवेलाला पुन्हा पुन्हा हाक येते तिथेही. यिर्मयाच्या पहिल्या अध्यायात मात्र ते यिर्मयासाठी एकदाही येत नाही. ते येते पंधराव्या वचनात, आणि तिथे देव बोलावतो ती उत्तरेकडच्या राज्यांची कुळे. ती येऊन यरुशलेमेच्या वेशींशी आपली सिंहासने मांडणार आहेत. म्हणजे बातमीतल्या अर्थाचे पाचारण या अध्यायात शत्रूच्या फौजांना झाले आहे! मनन लिहिणाऱ्याने हे नजरेआड करू नये. बोलावले जाणे हा आपोआप सन्मान ठरत नाही.

मग यिर्मयाला काय झाले? काळ इ. स. पू. 627, योशीया राजाचे तेरावे वर्ष. गाव अनाथोथ, यरुशलेमेच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटरवर. घराणे याजकांचे. पाचव्या वचनातली क्रियापदे ओळीने पाहावीत: घडवले, ओळखले, वेगळे केले, दिले. चारही ठिकाणी कर्ता देव. पहिले ‘यात्सार’ हे कुंभाराचे क्रियापद. अठराव्या अध्यायात यिर्मया ज्याच्या घरी जातो त्या कुंभाराला हिब्रूत ‘योत्सेर’ म्हणतात. शेवटचे ‘नातान’, म्हणजे देणे. मराठीत इथे ‘नेमले’ असे भाषांतर होते आणि ते चूक नाही, पण त्याने एक धागा तुटतो. पाचव्या वचनात देव यिर्मयाला राष्ट्रांसाठी ‘देतो’, नवव्यात आपली वचने त्याच्या मुखात ‘देतो’, अठराव्यात त्याला तटबंदीचे नगर, लोखंडी खांब आणि पितळेच्या भिंती असे करून ‘देतो’. तिन्हीकडे तेच क्रियापद. आधी माणूस दिला, मग शब्द, मग टिकून राहण्याचे बळ. या क्रमावरच एक पूर्ण मनन उभे राहील.

पाचवे वचन प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या नावे सरसकट वाचण्याची सवय मला योग्य वाटत नाही. वाक्य ‘राष्ट्रांसाठी संदेष्टा’ या शब्दांवर संपते आणि तो शेवट कापून उरलेले वचन आपले म्हणता येत नाही. ‘संदेष्टा’ हा मराठी शब्द मात्र फार चांगला आहे. हिंदीतला ‘भविष्यद्वक्ता’ वाचकाला पंचांगाकडे नेतो. ‘संदेष्टा’ संदेश आणि तो पाठवणारा यांच्याकडे.

सहाव्या वचनात यिर्मया म्हणतो, मला बोलता येत नाही, मी ‘नआर’ आहे. याचे ‘लहान मूल’ केले की अनेक उपदेशक त्याचे वय ठरवून मोकळे होतात. पण तीन महिन्यांचा मोशे नआर आहे, सतरा वर्षांचा योसेफ नआर आहे आणि शौल राजाचा सेवक सीबाही नआरच, ज्याला पंधरा मुलगे आणि वीस चाकर होते. आपल्याकडे दुकानातला ‘पोऱ्या’ म्हणजे वयाने पोर असेलच असे नाही. हाताखालचा, ज्याच्या शब्दाला चारचौघांत वजन नाही असा, हा अर्थही त्यात असतो. नआरची व्याप्ती तशीच आहे. यिर्मयाची अडचण वयापेक्षा अधिकाराची दिसते, कारण उत्तरही अधिकाराविषयीच येते: मी पाठवीन तिकडे तू जाशील, सांगेन ते बोलशील. ‘तुला छान बोलता येते’ असे देव म्हणत नाही. ‘तुला सोडवण्यासाठी मी तुझ्याबरोबर आहे’ असे म्हणतो, आठव्या वचनात आणि पुन्हा एकोणिसाव्यात. सोडवायचे आहे म्हणजे अडकणे ठरलेलेच. पुढे तो खोड्यात अडकवला जातो, चिखलाच्या हौदात सोडला जातो. लग्न करू नकोस अशी आज्ञाही त्याला होते. सेवेतल्या अडचणी हे पाचारण खोटे असल्याचे लक्षण मानणाऱ्यांनी हे प्रसंग अवश्य वाचावेत. खोटेपणाची खूण तेविसाव्या अध्यायात दिली आहे: मी पाठवले नाही तरी हे धावले, मी बोललो नाही तरी यांनी संदेश दिला. यिर्मया स्वतः मात्र थांबतो. बेचाळिसाव्या अध्यायात लोक घाईने विचारायला येतात आणि वचन मिळते ते दहा दिवसांनी.

आता बदाम. अकराव्या वचनात त्याला दिसते ती ‘शाकेद’ची काठी. बाराव्यात देव म्हणतो, मी ‘शोकेद’ आहे, म्हणजे आपले वचन पुरे करण्यासाठी जागा राहून लक्ष ठेवणारा. व्यंजने तीच, श-क-द; फरक फक्त पहिल्या स्वराचा. ही कोटी भाषांतरात हरवणारच. सप्ततीत, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, कवचफळाची काठी उरली आणि कोटी गेली. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने उलटे केले: ‘जागी काठी’ लिहिले, कोटी राखली, पण बदाम गमावला. मराठीत वचन आहे तसे वाचून दोन्ही हिब्रू शब्द एकदा मोठ्याने उच्चारावेत. एवढ्याने श्रोत्याला दुवा कळतो.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे. कोकणात किंवा मुंबईच्या रस्त्याकडेला ‘बदामाचे झाड’ म्हटले की रुंद पानांचा, लाल होऊन गळणाऱ्या पानांचा देशी बदाम डोळ्यांसमोर येतो. ते झाड निराळे. शाकेद म्हणजे सुक्या मेव्यातला बदाम, गुलाबाच्या कुळातला. त्या देशात जानेवारीच्या अखेरीस, फेब्रुवारीत, इतर झाडे थंडीत निजलेली असताना, पाने फुटण्याआधीच तो पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतो. सर्वांत आधी जागे होणारे झाड म्हणून त्याचे नावही त्याच धातूशी जोडतात. मोशेचा भाऊ अहरोन याच्या काठीलाही बदाम आले होते, पण तिथे काठीचा शब्द ‘मत्ते’ आहे, इथे ‘मक्केल’; दोन्ही प्रसंग एकच शब्द म्हणून जोडू नयेत.

राहिली दहाव्या वचनातली सहा कामे: उपटणे, मोडणे, नाश करणे, पाडणे, बांधणे, लावणे. चार पाडण्याची, दोन उभारण्याची; पहिली दोन हिब्रूत ‘लिन्तोश’ आणि ‘लिन्तोत्स’ अशी यमकासारखी वाजतात. फक्त शेवटच्या दोन क्रियापदांवर बेतलेले मनन अर्धवट राहते. हीच यादी 31:28 मध्ये, म्हणजे एकतिसाव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात, परत येते आणि तिच्याबरोबर ‘शाकाद’ हे क्रियापदही, दोनदा: उपटण्या-पाडण्यासाठी मी जसा जागा राहिलो, तसाच बांधण्या-लावण्यासाठी जागा राहीन. म्हणून 1:12 साठी मराठीत जो शब्द निवडाल, ‘जागा’ असो वा ‘जागृत’, तोच 31:28 ला ठेवावा. एकीकडे ‘जागृत’ आणि दुसरीकडे ‘लक्ष दिले’ असे केल्यास ही दोन वचने एकमेकांना उत्तर देतात हे वाचकाला कळायला वाव राहत नाही.