राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक वाचतोय, पण त्यातल्या पदांतले (गाण्यांतले) शब्द कळत नाहीत. काय करावं?

आधी पदं बाजूला ठेवून गद्य संवाद सलग वाचून काढा, मग एकेक पद सोडवायला घ्या. अडणारे शब्द मुख्यतः पदांतच आहेत, आणि ती गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत, भाषा संस्कृतप्रचुर. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश फुकट आहेत. तिथे शोधताना लोक हमखास अडतात, तेव्हा असं करा:

- क्रियापद मूळ रूपात, जुन्या अनुस्वारासह टाका: ‘त्यजू’ नाही, ‘त्यजणें’ (सोडणे).
- चालीसाठी ऱ्हस्व केलेलं अक्षर दीर्घ करून पाहा: ‘तरि’ म्हणजे ‘तरी’.
- समास फोडा. ‘निरयवसती’ अख्खा सापडणार नाही. ‘निरय’ म्हणजे नरक, ‘वसती’ म्हणजे वास्तव्य. नाटकाची नायिका सिंधू हिला पतीच्या पायांशिवाय स्वर्गही नरकवास वाटतो, हे मग लख्ख कळतं, आणि तिची शोकांतिका इथूनच उलगडते.

मात्र तळीराम या पात्राच्या दारूबाज मंडळातले संवाद कोश घेऊन वाचू नका. तिथली पंडिती भाषा मुद्दाम फुगवलेली आहे. मोठ्याने वाचली की तिचा रोख आपोआप लक्षात येतो.