जेवणानंतर दोन तासांनी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुंबईत गॅस्ट्रिक बायपास ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याला दीड वर्ष झाले, गुडघ्यांचे दुखणे थांबले, शाळेचा जिना दम न लागता चढता येऊ लागला, आणि आता सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच सकाळच्या तिसऱ्या तासाला हात थरथरू लागले, वरच्या ओठावर घाम फुटला, फळ्यावरची अक्षरे वाकडी उमटू लागली आणि आपण कोणते वाक्य लिहीत होतो तेच आठवेना, असे तू लिहिले आहेस. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी जास्त साखर घालून चहा दिला, सोबत बिस्किटे दिली, तुला लगेच बरे वाटले, आणि दोन तासांनी पुन्हा तोच प्रकार झाला. घरच्यांचे म्हणणे असे की तू पोटभर जेवत नाहीस म्हणून हे होते. मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले आणि पुढे हीच शस्त्रक्रिया माझ्यावरही झाली, त्यामुळे हा त्रास मी दोन्ही बाजूंनी ओळखते. म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घे: तुझी साखर उपासाने उतरत नसून बहुधा त्याआधीच्या खाण्याने उतरते आहे.

त्या दिवशी तू सात वाजता गूळ घातलेली पेज आणि एक केळे खाल्लेस आणि नऊ वाजून गेल्यावर थरथर सुरू झाली. हे अंतर महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी जठराच्या खालच्या तोंडाशी असलेला स्नायू, खारबंधाऱ्याची उघाडी म्हणजे झडप भरती-ओहोटी पाहून पाणी बेताने सोडते तसे, अन्न थोडे थोडे पुढे सोडत असे. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडली जाते आणि हा स्नायू वाटेतून वगळला जातो. मग पेजेसारखे पातळ आणि गोड अन्न काही मिनिटांत आतड्यात उतरते, रक्तातली साखर झपाट्याने चढते, आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सुटते आणि त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंड गरजेपेक्षा अधिक इन्शुलिन ओतते. साखर पेशींत शिरून संपते, इन्शुलिन मात्र अजून काम करतच असते, आणि एक ते तीन तासांत साखर खाली घसरते. जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात त्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत तो स्नायू शाबूत राहतो, तरी अन्न पुढे लवकर सरकत असल्यामुळे तिथेही हा त्रास होऊ शकतो. तो बहुतेकांना शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो. त्यामुळे तुझे काही चुकले म्हणून हे आता उद्भवले, असे मनात आणू नकोस.

खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आतच धडधड, मळमळ, पोटात कळ आणि जुलाब होणे हा वेगळा प्रकार आहे. त्याला डम्पिंग म्हणतात आणि त्यात साखर कमी झालेली नसते. म्हणूनच अंदाजावर न राहता मोजून पाहणे आवश्यक आहे. त्रास जाणवावा, त्याच वेळी ग्लुकोमीटरवर साखर खरोखरच कमी दिसावी आणि ती वाढल्यावर त्रास थांबावा, या तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच निदान पक्के धरतात. दर 100 मिलिलीटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली गेलेली साखर कमी समजतात, आणि 54 च्या खाली गेली तर ती गंभीर समजून डॉक्टरांना कळवायलाच हवी. आपल्याकडे मे महिन्यात उकाड्याने प्रत्येकाच्याच अंगाला घाम असतो, पण हा घाम पंख्याखाली बसूनही थांबत नाही, त्वचा गार लागते आणि डोक्यात गोंधळ होतो.

मोजण्याबाबत दोन सूचना खास आपल्या कोकणासाठी. आंबा कापल्यावर किंवा नुसता सोलल्यावरही बोटांना लागलेला रस यंत्राला रक्तातली साखर वाटतो आणि आकडा खोटा चढतो, तेव्हा आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर. आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या बिघडतात, म्हणून डबीचे झाकण पट्टी काढताक्षणी घट्ट लावत जा. डॉक्टरांनी दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर सुचवला तर जरूर लाव, कारण चढ आणि उतार दोन्ही त्यात दिसतात. मात्र तो रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, आणि रात्री त्या कुशीवर झोपल्यास खोटा कमी आकडा दाखवतो. शंका आली की बोटाचे रक्त तपास.

आता चहा-बिस्किटांविषयी. साखर उतरलेली असताना ती वाढवावीच लागते, त्यात बाईंचे काही चुकले नाही. पण केवळ गोड खाऊन थांबले की साखर पुन्हा उंच चढते, पुन्हा इन्शुलिन सुटते आणि पुन्हा घसरण होते. तुला दुसऱ्यांदा झालेला त्रास हा त्यातूनच आला असणार. यासाठी ग्लुकोज पावडर आण, घरच्या वजनकाट्यावर 15 ग्रॅमच्या पुड्या बांध आणि एक पर्समध्ये, एक शाळेच्या टेबलाच्या खणात, एक स्कूटरच्या डिकीत ठेव. त्रास जाणवला आणि आकडा 70 च्या खाली असला की एक पुडी थोड्या पाण्यातून घे, 15 मिनिटांनी पुन्हा मोज, अजूनही कमी असेल तर दुसरी घे. आकडा वर आल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेले अंडे खा, म्हणजे तो टिकून राहील. चॉकलेट अशा वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

खरा इलाज मात्र आधीच्या जेवणात आहे आणि कोकणात राहून तो अवघड नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण मुंबईहून मिळालेला छापील आहारतक्ता पाहून इथल्या बायका घाबरतात. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ग्रीक दही असते, बांगडा नसतो. एका जेवणात कर्बोदके साधारण 30 ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात ती सुमारे 28 ग्रॅम असतात, म्हणजे लहान मुदीएवढा भात तुझा. सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा उकडा तांदूळ सावकाश पचतो, तेव्हा तोच घे. जेवायला बसल्यावर आधी मासा किंवा उसळ संपव आणि भात शेवटी खा. काळ्या वाटाण्याची उसळ, वालाचे बिरडे, तव्यावर भाजलेला बांगडा, तिसऱ्यांचे सुके, दाटसर केलेली कुळथाची पिठी, यांपैकी काही ना काही रोज आपल्या घरात शिजतेच. ते तुझ्या ताटात आधी आणि जास्त यावे, एवढाच बदल आहे. जेवताना पाणी पिऊ नकोस, जेवणानंतर अर्धा तास जाऊ दे. सोलकढी साखरेशिवाय केलेली असली तरी जेवणासोबत पिण्याऐवजी मधल्या वेळी घे. बाटलीतले कोकम सरबत आणि आमरस हे दोन्ही पातळ आणि गोड असल्यामुळे तुझ्यासाठी सर्वांत वाईट. हापूसची एक फोड जेवणाच्या शेवटी चावून खाल्लीस तर तेवढी बहुतेकींना सोसते, आणि तुला सोसते का ते मीटर सांगेल. दिवसाची तीन मोठी जेवणे सोडून तीन-चार तासांच्या अंतराने पाच-सहा वेळा थोडे थोडे खा.

सकाळच्या पेजेचे तुला वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे. लहानपणापासूनचे ते अन्न आहे आणि आईने समोर ठेवलेली वाटी परत करणे सोपे नसते. गूळ आणि केळे वगळून, घट्ट पेज अर्धी वाटी, तीही अंडे किंवा शेंगदाण्याची सुकी चटणी आधी खाऊन, अशी एका सुट्टीच्या दिवशी घरी करून बघ आणि तासाने, दोन तासांनी मोज. आकडे ठीक आले तर पेज तुझीच आहे.

उपवासाबाबत तू विचारले आहेस. या त्रासात काही न खाल्ल्याने साखर घसरणे हे नेहमीचे लक्षण नाही. रात्रभर काही न खाता सकाळी उठल्यावर साखर कमी दिसली, तर त्यामागे दुसरे कारण असू शकते आणि ते डॉक्टरांनी शोधायला हवे. उपवासात बाधते ती साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावापुरतीच. चतुर्थी सोडवतानाचे मोदकही तसेच: वरची तांदळाची उकड, आतला गूळ, आणि दिवसभराच्या रिकाम्या पोटावर एकामागून एक तीन. गणपतीत चाकरमानी घरी आलेले असताना पंगतीत आग्रह होणार, तेव्हा आधी उसळ आणि आळूची भाजी खा, मग अर्धा मोदक तूप घालून घे आणि पान बाजूला कर. प्रसाद अर्धा घेतला तरी प्रसादच असतो, असे वाढणाऱ्याला सांग.

आहाराने पुरेसा फरक पडला नाही तर औषधे आहेत. बहुधा प्रथम अकार्बोज देतात. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, आणि ती पिष्ट आणि साखर फुटण्याचा वेग कमी करते. पोटात वायू धरतो, पण हळूहळू सवय होते. ही गोळी चालू असताना घसरण झाली, तर साधी साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाही, कारण साखरेचे विघटनच गोळीने रोखलेले असते. तेव्हा ग्लुकोजच हवे. त्या पुड्यांवर माझा एवढा भर आहे तो याचसाठी. त्यापुढे डायझॉक्साइड आणि ऑक्ट्रिओटाइडसारखी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात.

स्वादुपिंड कापावे लागते असे इंटरनेटवर वाचून तुझी झोप उडाली आहे. त्याची हकीकत अशी की 2005 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर असा तीव्र त्रास झालेल्या सहा रुग्णांविषयी लिहिले, आणि त्यांच्या स्वादुपिंडाचा काही भाग काढलेला होता. त्यानंतरच्या वर्षांत आतड्यातल्या संप्रेरकांचा वाटा स्पष्ट होत गेला, आणि अशी शस्त्रक्रिया करूनही अनेकांचा त्रास परत येतो हे दिसले, त्यामुळे तो मार्ग आज जवळपास बाजूला पडला आहे. बहुसंख्य रुग्णांचे आहाराने आणि गरज पडल्यास गोळीने निभावते.

स्कूटरविषयी मी कठोरपणे लिहिते आहे. घाटात किंवा हायवेवर निघण्यापूर्वी मोज, आणि आकडा 70 च्या खाली असेल तर काहीही झाले तरी निघू नकोस. वाटेत थरथर जाणवली तर गाडी कडेला लाव, पुडी घे, आणि आकडा वर येऊन डोके पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत थांब. घसरण वारंवार होऊ लागली की शरीर इशारा देणेच कमी करते, थरथर आणि घाम न येता एकदम गोंधळ उडतो. तसे होऊ लागल्यास डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत एसटीने जा.

शाळेतल्या बाईंना आणि मुख्याध्यापकांना हे सांगून ठेव. लाजेखातर बहुतेकजणी शस्त्रक्रिया झाल्याचेच लपवतात, आणि मग बेशुद्ध पडल्यावर आजूबाजूच्यांना काय करावे ते कळत नाही, कुणी कांदा हुंगवते, कुणी तोंडात पाणी ओतते. शुद्ध नसताना तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि 108 ला फोन करायचा, एवढे त्यांनी लक्षात ठेवले तरी पुरे. आपल्याकडून जिल्हा रुग्णालय असो की गोवा, अंतर थोडे नाही, म्हणून फोन लवकर व्हायला हवा.

लग्न ठरल्याचे वाचून आनंद झाला. शस्त्रक्रियेनंतर किमान 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, तो काळ तुझा सरत आला आहे, तरी आधी रक्ततपासण्या करून घे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद करू नकोस. पुढे गरोदरपणी मधुमेह तपासण्यासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजण्याची चाचणी सगळीकडे करतात. बायपास झालेल्या बाईला ती चाचणी बाधू शकते, आणि तिच्याऐवजी आठवडाभर घरी जेवणाआधी व जेवणानंतर साखर मोजून तेच निदान करता येते. आरोग्य केंद्रावरच्या ताईंना हे माहीत असेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद फाईलमध्ये सर्वांत वर लाव आणि ग्लासाला हात लावण्यापूर्वी तो डॉक्टरांना दाखव.

तुझी,
मावशी