आय-३ चौथी पिढी, ४ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर विंडोज १० काढून ११ टाकता येईल का?

सरळ मार्गाने नाही. रॅम ४ जीबी चालते, अडतं ते प्रोसेसरपाशी. इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच (एखाददुसरा अपवाद सोडून) मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत, वर टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) हवं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीत) खटपट करून ११ चढवणारे महाभाग आहेत, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी तरी हा खेळ करणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा आहे तसंच वापरत राहणंही बरं नव्हे.

आधी फोटो, फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा, मग हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवा. खरा फरक तिथेच पडतो. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, घाबरू नका. सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा, कारण त्यात डिस्क पुसली जाऊ शकते.

घरात कुणी टॅलीवर काम करत असेल तर मात्र थांबा, ते विंडोजवरच चालतं.