चक जोन्सने शाळा सोडली, पण चित्रकला शिकायला

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. कॉलेज सोडून ॲनिमेशन करायचं म्हणतो. 'रोडरनर' कार्टूनवाल्या चक जोन्सनेही शाळा सोडली होती, हा त्याचा मुद्दा. एका क्लासने दोन लाख फी सांगितली आहे. भरावी का? – एक पालक, सांगली

उत्तर : चिरंजीव अर्धीच गोष्ट सांगताहेत. जोन्सची शाळा सुटली हे खरं, पण वडिलांनी त्याला तिथून काढून लॉस एंजेलिसच्या शुईनार्ड कलासंस्थेत घातलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक लाख वाईट चित्रं असतात, ती आधी काढून संपवा, असं तिथल्या शिक्षकाने सांगितल्याची आठवण जोन्स सांगत असे.

पुढे नोकरी लागली ती ॲनिमेटर अब आयवर्क्सच्या स्टुडिओत, सेल धुण्याची. सेल म्हणजे कार्टूनचं चित्र ज्यावर रंगवतात तो पारदर्शक ताव. वापरून झाला की रंग-शाई धुऊन पुन्हा वापरायचा. मग रंगकाम, शाईकाम, हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरणं. 1933 मध्ये तो लिऑन श्लेसिंगरच्या स्टुडिओत (हाच पुढे वॉर्नर ब्रदर्सने घेतला) गेला आणि दिग्दर्शक झाला 1938 मध्ये. क्लासच्या जाहिरातीत ही मधली वर्षं कोणी छापत नाही!

नाव झाल्यावरही नोकरी पक्की नव्हती. 1953 मध्ये वॉर्नरने कार्टून विभाग काही महिने बंद ठेवला, तेव्हा त्याने डिस्नेकडे काम केलं. 1960 च्या दशकात वॉर्नर सुटल्यावर 'टॉम अँड जेरी' केलं. पैशाचं गणित मांडताना हेही धरा.

दोन लाख सध्या बँकेतच राहू द्या. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. 'रोडरनर'मध्ये त्या पक्ष्यामागे धावत कड्याबाहेर गेलेला कोयोटी हवेत थबकतो, आपल्याकडे केविलवाणं बघतो आणि मग कोसळतो. सेकंदाला 24 फ्रेम. त्यातल्या किती त्या थबकण्याला द्यायच्या, यावर सगळं हसू अवलंबून. हा अंदाज सॉफ्टवेअर देत नाही.

बारावी मात्र पूर्ण करायला लावा. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डीएटी किंवा आयआयटीतल्या डिझाइन पदवीसाठीची यूसीड, या दोन्ही प्रवेश परीक्षांना बारावी लागते. शाखा कुठलीही चालते. तोवर रोज एसटी स्टँडवर बसून माणसांची भरभर रेखाटनं करू द्या. तीन महिन्यांनी वह्या घेऊन दोघेही या. वह्या कोऱ्या निघाल्या, तर फीचा प्रश्न आपोआप मिटेल.