बायोस अपडेटनंतर बूट होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

विंडोज पुन्हा टाकायला पेनड्राइव्ह तयार करत असाल तर आधी थांबा. तुम्ही लिहिलंय त्यावरून एसएसडी (विंडोज आणि फाइली असलेली डिस्क) गेली असं मला अजिबात वाटत नाही.

मला समजलं ते असं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आणि जुन्या मशीनमधून काढून तशीच लावलेली एसएसडी, विंडोज १० सकट. अधूनमधून निळा स्क्रीन यायचा, म्हणून एकेक रॅम वेगळी लावून रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन चालवलंत. एकही एरर आली नाही. मग बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंत. मिनिटभर काळा स्क्रीन, मग एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या कीज ठेवणारी सोय, टीपीएमचाच प्रकार) रीसेट करायचं का असा प्रश्न, त्यावर तुम्ही ‘वाय’ दाबलंत, आणि आता ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’च्या पुढे गाडी जात नाही.

हा मेसेज दिसतोय हीच चांगली खूण आहे. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांनी हजेरी लावल्याशिवाय बोर्ड इथवर येत नाही. काळ्या स्क्रीनचीही काळजी सोडा. अपडेटनंतर बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतं, त्याला वेळ लागतो. डीडीआर५वर तर पहिल्या वेळी काही मिनिटंही जातात, आणि लोक घाबरून मधेच बटण दाबतात.

आता मुख्य गोष्ट. बायोस अपडेट झालं की तुमची जुनी सेटिंग्ज बहुतेक वेळा पुसली जातात. जुन्या मशीनवरचं विंडोज बहुधा एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर आहे, आणि ते चालायला बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग) चालू लागतं. ते तुम्ही किंवा असेंबल करणाऱ्याने कधीतरी चालू केलं असणार. अपडेटने ते बंद केलं की बोर्ड डिस्कवर ईएफआय पार्टिशन (नव्या पद्धतीच्या बूटच्या फाइलींचा भाग) शोधतं. ते तिथे नाहीच, म्हणून ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतं. डेटा जागच्या जागी असतो.

हे मी इतकं कळकळीने सांगतोय कारण माझ्या मेहुण्याच्या दुकानातल्या पीसीचं असंच झालं होतं. तिथे साटाचा, म्हणजे डिस्क जिथे जोडतात त्या जोडणीचा, मोड एएचसीआय आणि रेड या दोन प्रकारांमध्ये अदलाबदल झाला होता, निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येत होतं. एक सेटिंग मागे नेलं असतं तर दोन मिनिटांचं काम. दुरुस्तीवाल्याने थेट फॉरमॅट मारला आणि तीन वर्षांच्या हिशोबाच्या फाइली गेल्या. बॅकअप नव्हता.

तर असं करा. मेमटेस्टचा पेनड्राइव्ह आधी काढा. चालू करताना डिलीट दाबत राहून बायोसमध्ये जा. पहिल्याच पानावर रॅम १६ जीबी दिसते का बघा. ८ दिसली तर एक रॅम नीट बसलेली नाही. बऱ्याच बी४५० बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. तिकडे ‘टक्’ आवाज येतो आणि आपल्याला वाटतं झालं, पण दुसरं टोक केसभर वर राहतं. प्लग काढून दोन्ही टोकं अंगठ्याने सरळ खाली दाबा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा.

मग स्टोरेजच्या यादीत एसएसडीचं नाव शोधा. नसेल तर रॅम काढताघालताना साटाची केबल ढिली झाली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दोन्ही टोकं काढून पुन्हा लावा. नाव दिसत असेल तर सीएसएम चालू करा, बूटच्या क्रमात एसएसडी वर आणा, एफ१०ने सेव्ह करा. माझ्या अंदाजाने इथेच विंडोज उघडेल.

‘वाय’ दाबल्याने तुमचं बिघडलं नसावं, कारण टीपीएम २.० जुन्या पद्धतीच्या बूटवर चालतच नाही. मात्र ज्यांचं बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे त्यांनी ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये, आणि अपडेटआधी बिटलॉकर सस्पेंड करावं.

विंडोज उघडलं की पहिलं काम बॅकअप. पुढे सवडीने विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी साधनाने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलता येते (विंडोज १०ची १७०३ किंवा नंतरची आवृत्ती हवी), मग सीएसएम कायमचं बंद ठेवता येईल. आज ते करू नका. एका वेळी एकच बदल.

आणि मूळचा निळा स्क्रीन राहिलाच. एकेकटी रॅम पास झाली म्हणजे जोडी पास झाली असं नाही. दोन रॅम ३२००च्या वेगाने एकत्र चालवताना मेमरी कंट्रोलरवर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) ताण जास्त येतो. अपडेटने एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) हेही बंद केलं असेल, म्हणजे रॅम आत्ता तिच्या कमी, मूळ वेगाने चालतेय. एक आठवडा तसंच वापरा. निळा स्क्रीन आला नाही तर एक्सएमपी चालू करून दोन्ही रॅमवर एकत्र मेमटेस्ट चालवा, निदान चार फेऱ्या. आठवड्यात पुन्हा आलाच, तर खालचा स्टॉप कोड मोबाइलवर टिपून मला सांगा, रॅम सोडून दुसरीकडे बघू.