स्कॉटलंडचा किनारा आणि हायलँड्स चार मित्रांनी आठवडाभरात गाडीने कसे फिरावेत?

नॉर्थ कोस्ट ५०० हा गोल फिरणारा रस्ता घ्या. इन्व्हरनेसहून निघून इन्व्हरनेसलाच परत, साधारण ८३० किलोमीटर. नकाशावर तीन दिवसांचं काम वाटतं, पण एवढी घाई केलीत तर फक्त डांबर बघून याल. पूर्वेकडचा भाग भराभर उरका, दिवस पश्चिमेसाठी राखा.

तिकडचे बरेच रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत. समोरून कोणी आलं की ‘पासिंग प्लेस’ म्हणजे बाजूला घ्यायची रुंद जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. समोरचा हात वर करून जातो, आपणही करायचा. मागे कोणी खोळंबलं असेल तर त्यालाही पुढे सोडा. फोटोसाठी मात्र तिथे गाडी लावू नका, गावकरी चिडतात. चिडणारच! ॲपलक्रॉसला जाणारा बेलाख ना बा घाट ६२६ मीटरवर चढतो. छोटी गाडी असेल तरच त्या वाटेला जा, मोठी कॅम्परव्हॅन नको.

भारतीय लायसन्स पर्यटकाला वर्षभर चालतं, गाडीही डावीकडूनच चालवायची. दारूची मर्यादा मात्र इंग्लंडपेक्षा कडक आहे. त्यामुळे डिस्टिलरीत, म्हणजे व्हिस्कीच्या कारखान्यात, चालकाने घोटही घेऊ नये. बऱ्याच ठिकाणी त्याचा वाटा छोट्या बाटलीत बांधून देतात.

शक्यतो मेमध्ये जा. जून ते ऑगस्टमध्ये वारा पडला की मिज नावाची चिलटं अक्षरशः फोडून काढतात.