वारशाचे पैसे संयुक्त खात्यात टाकू नका

वडिलांच्या मागे आलेली रक्कम 'सध्यापुरती' तुम्हा नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात ठेवणार म्हणालात, म्हणून घाईने सांगतो: थांबा. बऱ्याच देशांच्या कायद्यात घटस्फोटाच्या वेळी वारसा ज्याला मिळाला त्याचाच धरतात. अगदी कॅलिफोर्नियात, जिथे लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी मानतात, तिथेही. घोळ होतो तो पैसे मिसळल्यावर.

मी हीच चूक केली. आईचे पैसे संयुक्त खात्यात भरले, त्यातूनच विमा, हप्ते, घरखर्च. घटस्फोटाच्या वेळी स्टेटमेंटांचा गठ्ठा घेऊन रात्र रात्र बसलो, पण आईची रक्कम कुठे संपली आणि आमची कुठे सुरू झाली, ते दाखवता येईना.

फक्त तुमच्या नावाचं नवं खातं उघडा. त्यात पगार जमा करू नका. मृत्युपत्राची प्रत आणि रक्कम आल्याची नोंद एकत्र ठेवा. घर मिळालं असेल, तर प्रेमापोटी जोडीदाराचं नाव चढवण्याआधी वकिलाला विचारा. पुष्कळदा ते जोडीदाराला दिलेली भेटच ठरतं. छपराची दुरुस्तीसुद्धा त्याच खात्यातून करा.

वारसा कोणाचा राहील याचा जोडीदाराशी करार करायचा तर दोघांचे वकील वेगळे हवेत आणि मालमत्ता पूर्ण उघड केलेली हवी. इंग्लंडमध्ये तर गरज दिसली की न्यायालय वारशालाही हात घालू शकतं, त्यामुळे आपल्या ठिकाणचा नियम आधी समजून घ्या. आणि जोडीदारापासून काही लपवू नका. वेगळं ठेवणं निराळं, दडवणं निराळं. दडवलेलं उघडं पडलं की न्यायाधीशांचा तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.